पदरमोड, पण डोळस

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात माझी लेक पहिल्यांदाच कोळीनृत्यात नाचली. धाकट्या दिरांनी नवा कॅमेरा घेतला आणि आपला जुना, कॅननचा, मला दिला होता. तो गळ्यात अडकवून मी मोठ्या ऐटीत पहिल्या रांगेत बसले. एकशे चाळीस फोटो काढले. घरी येऊन हौसेने सगळ्यांना दाखवायला बसले, तर रंगमंचावर पिवळट उजेडात नुसत्या लाल-हिरव्या रेघा हललेल्या. सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "अगं, यातली आपली कुठली?"

सगळे हसले. मीही हसले, पण मनाला लागलं. ती संध्याकाळ काही परत येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. "संमेलनाचे फोटो नीट येत नाहीत," एवढंच सांगितलं. दुकानदारांनी लगेच एक लांबलचक लेन्स काढून दाखवली, ७० ते ३०० मिलिमीटरची. "ताई, ही घ्या. शेवटच्या रांगेतून चेहरा दिसेल!" साडेनऊ हजार रुपये. अर्धवेळ शिक्षिकेचा पगार तो काय असणार! वॉशिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी ती घेतली. घरी ह्यांना सांगितलं, तर हे फक्त "बरं" म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं. त्या "बरं"ने मला महिनाभर झोप लागू दिली नाही.

कारण पुढच्या कार्यक्रमात त्या लेन्सने चेहरा दिसला खरा, पण तो आधीपेक्षाही जास्त हललेला होता.

मैत्रिणींनो, त्यानंतर मी जे शिकले ते आधी शिकले असते, तर माझे चार हजार रुपये वाचले असते. हल्ली पुष्कळ घरांत असा एखादा कॅमेरा असतो. कुणी परदेशातून आणलेला, कुणी हौसेने घेतलेला आणि मोबाइल आल्यावर कपाटात जाऊन बसलेला. त्याला एखादी चांगली लेन्स मिळाली तर तो पुन्हा जिवंत होतो. पण लेन्सच्या किमती ऐकल्या की छाती दडपते. म्हणून हा लेख, पैसे मोजके असणाऱ्यांसाठी.

आधी दोन आकडे समजून घेऊ

प्रत्येक लेन्सच्या कडेला दोन प्रकारचे आकडे लिहिलेले असतात. मी बी. ए. झालेली बाई, शास्त्र शाळेतच सोडलेलं. तरी मला समजले, तेव्हा तुम्हालाही समजतील.

पहिला आकडा मिलिमीटरचा. त्याला फोकल लेंथ म्हणतात. आकडा लहान तर चित्रात जास्त पसारा मावतो, आकडा मोठा तर लांबचं जवळ दिसतं. आपल्या कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स फुकटात आल्यासारखी येते, ती बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची असते. १८ वर अख्खं दिवाणखान्याचं चित्र येतं, ५५ वर एका माणसाचा चेहरा.

दुसरा आकडा 'एफ'चा. हा समजला की निम्मी लढाई जिंकली. लेन्सचं तोंड किती उघडतं, ते हा आकडा सांगतो आणि गंमत अशी की आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. पावसात अंगणात एक परात ठेवा आणि एक तांब्या ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण पाणी परातीत कितीतरी जास्त जमतं. उजेडाचंही तसंच. एफ १.८ ची लेन्स म्हणजे परात, एफ ५.६ ची म्हणजे तांब्या.

हिशेब करायचा तर असा: ५.६ ला १.८ ने भागा आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा. उत्तर येतं जवळजवळ पावणेदहा. म्हणजे एफ १.८ वर पावणेदहा पट उजेड आत येतो! तांब्या घेऊन मी ज्या सभागृहात सेकंदाच्या पंधराव्या भागाचा फोटो काढत होते, तिथेच परातीने सेकंदाच्या सुमारे दीडशेव्या भागाचा निघाला असता. पंधराव्या भागात नाचणारी पोर हात वरून खाली आणते. दीडशेव्या भागात ती फारच थोडी हलते.

माझी लांबलचक लेन्स कुठे फसली तेही आता कळेल. एक तर तिचं तोंड तांब्याचं. आणि दुसरं म्हणजे लांबचं जवळ आणताना हाताचा थरथराटही तितकाच मोठा होऊन येतो. जुने फोटोग्राफर एक ठोकताळा सांगतात: जितक्या मिलिमीटरची लेन्स, निदान तितका भाग सेकंदाचा. आपल्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो आकडा आणखी दीडपट धरायचा. म्हणजे २०० मिलिमीटरवर निदान तीनशेवा भाग हवा. सभागृहात मला मिळत होता तिसावा! फोटो हलणार नाही तर काय होईल?

काही लेन्समध्ये हाताचा कंप सावरण्याची सोय असते. कॅनन तिला 'आयएस' म्हणतं, निकॉन 'व्हीआर', टॅमरॉन 'व्हीसी' आणि सिग्मा 'ओएस'. माझ्या लेन्सला ती नव्हती. पण हेही लक्षात ठेवा की ही सोय आपला हात सावरते, समोरची नाचणारी पोर नाही सावरत. देऊळ, डोंगर, झोपलेलं बाळ यांना ती छान. नाच, खेळ, धावणारी नातवंडं यांना उजेडच हवा.

घरात आहे तेच आधी वापरा

साडी घेण्याआधी आपण कपाट उघडून पाहतो ना, कुठला रंग आहे आणि कुठला नाही? (निदान पाहावं असं म्हणतात!) लेन्सचंही तसंच करावं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सला सगळे नावं ठेवतात. पण दिवसाउजेडी, अंगणात, सहलीला ती अगदी चोख काम करते.

घरातही तिच्याकडून थोडं जास्त काम काढून घेता येतं. अशा लेन्सचं तोंड १८ मिलिमीटरवर एफ ३.५ पर्यंत उघडतं आणि ५५ वर ५.६ पर्यंतच. म्हणजे लांब उभं राहून झूम ओढण्यापेक्षा झूम मागे घेऊन आपणच दोन पावलं पुढे गेलो, तर अडीच पट उजेड मिळतो आणि तोही बिनपैशाचा. फक्त १८ वर चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. माझ्या भावजयीने तशा एका फोटोवरून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा पडदा सारा आणि माणसाला खिडकीशेजारी, थोडं आडवं बसवा. सकाळी नऊचा किंवा दुपारी चारचा उजेड. एवढं केलं तरी पुष्कळ फोटो सुधारतात. आणि मोबाइलवर तुमचं समाधान होत असेल, तर हा लेख वाचून सोडून द्या. उगाच शेजारणीने घेतली म्हणून लेन्स घेऊ नका.

आपली गरज मोजायची कशी?

मी एक युक्ती केली, ती तुम्हीही करा. संगणकावर किंवा मोबाइलवर फोटोची माहिती उघडली की तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. मी वहीत रेघा ओढून माझ्या दोनशे फोटोंचा हिशेब मांडला. माझी समजूत अशी की मला लांबचं पाहायची हौस. हिशेब काय निघाला? दोनशेपैकी दीडशेहून जास्त फोटो घरातले, माणसांचे आणि ते ३५ ते ५५ च्या दरम्यानचे. पक्षी म्हणाल तर एक कावळा!

नऊ हजारांची दुर्बीण घेणारी मी आणि आयुष्यात काढला एक कावळा. त्या रात्री वही मी स्वतःच ह्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "अहो, माझं चुकलं. गरज न मोजता बाजार केला." हे म्हणाले, "वॉशिंग मशीनचं काय ते बघू. पण तुला हवं होतं काय नक्की?" त्या प्रश्नाचं उत्तर लेन्स घेण्यापूर्वी द्यायला हवं होतं, हे तेव्हा कळलं.

दुसरी युक्ती. झूम लेन्स एका आकड्यावर ठेवून तिच्या रिंगला रबरबँड किंवा चिकटपट्टी लावा. एक आठवडा फक्त ५० वर फोटो काढा आणि दुसरा आठवडा फक्त ३५ वर. आपल्या घराच्या खोल्या केवढ्या आहेत आणि पाठ भिंतीला कुठे टेकते, ते आपोआप कळतं.

मग घ्यायची कोणती?

झूम न होणाऱ्या, एकाच आकड्याच्या लेन्सला 'प्राइम' म्हणतात. आत काचा कमी आणि रचना साधी, त्यामुळे थोड्या पैशांत मोठं तोंड मिळतं. मध्यमवर्गीय घराची खरी मैत्रीण हीच.

*५० मिलिमीटर, एफ १.८.* बहुतेक प्रत्येक मोठ्या कंपनीने ही केली आहे आणि बहुधा ती त्यांच्या स्वस्त लेन्सपैकी असते. कॅननची २०१५ साली आलेली एसटीएम जातीची ५० ची लेन्स जेमतेम १६० ग्रॅम वजनाची आहे, म्हणजे दोन-तीन लिंबांएवढी. एका माणसाचा चेहरा, मांडीवरचं बाळ, मंचावरची लेक यांना उत्तम. एक मर्यादा मात्र आहे. आपल्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५ ते ८० मिलिमीटरसारखी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं घ्यायची म्हटली तर तुम्हाला खिडकीतून बाहेर पडावं लागेल.

*३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी.* घर लहान आणि माणसं जास्त असतील तर ही बरी. निकॉनवाल्यांसाठी २००९ साली निघालेली ३५ मिलिमीटर एफ १.८ ची डीएक्स लेन्स आहे. कॅननवाल्यांसाठी २०१४ ची २४ मिलिमीटर एफ २.८ ची चपटी लेन्स आहे, पुरीसारखी. तिचं तोंड ५० वालीएवढं मोठं नाही, पण हळदीकुंकू, पंगत, गौरीची आरास यांना ती छान पुरते.

*लांबची झूम.* मुलं मैदानावर खेळत असतील, पक्ष्यांची खरी हौस असेल, तर जरूर घ्या. पण कंप सावरण्याची सोय असलेलीच घ्या. कॅननची ५५-२५० आयएस या जातीची आहे. दिवसाउजेडी तिच्याइतकं सुख नाही. वर्षातून एकदाच लागणार असेल तर विकत घेऊच नका. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. कुणी येणार-जाणार असेल तर सांगून ठेवावं.

*जवळून फोटो.* रांगोळी, भरतकाम, पदार्थ, दागिने यांचे फोटो काढायचे असतील तर खास मॅक्रो लेन्स महाग पडते. त्याऐवजी लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या मिळतात. त्यांना एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. त्यांत काच नसते, त्यामुळे स्वस्त. किंवा लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचं क्लोज-अप भिंग घ्या. माझ्या एका मैत्रिणीने अशाच नळ्यांवर आपल्या कशिद्याचे फोटो काढून गिऱ्हाइकं मिळवली आहेत.

आणखी एक सांगते. मोठं तोंड पूर्ण उघडलं की फोटोत फारच थोडा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, कान पुसट. एका माणसाला ते शोभतं. पण एफ १.८ वर आठ जणांचा फोटो काढलात तर पुढची जाऊ स्पष्ट आणि मागची धूसर येईल, आणि मग घरात काय होईल ते मी सांगायला नको! समूहाला एफ ५.६ किंवा ८ ठेवा आणि उजेडात न्या.

चावी कुठल्या कुलपाची?

प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं. त्यामुळे कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही. दुकानात जाताना कॅमेराच बरोबर न्या, नाहीतर त्याचा क्रमांक कागदावर लिहून न्या.

निकॉनच्या तीन हजार आणि पाच हजारांच्या मालिकेतले कॅमेरे असतील तर जास्त सांभाळा. त्यांच्या आत फोकस फिरवणारी मोटर नाही. जुन्या 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळतात, बसतातही, पण फोकस हाताने करावा लागतो. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं असेल तर मोटर लेन्समध्येच असते. स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि नातवाच्या मागे फोकस फिरवत बसले, असं व्हायला नको.

कुणाच्या माहेरी वडिलांचा जुना रोळाचा कॅमेरा असेल तर तोही एकदा पाहा. रशियन झेनिट कॅमेऱ्याबरोबर पुष्कळदा हेलिओस नावाची ५८ मिलिमीटर एफ २ ची लेन्स असे. ती आटे फिरवून बसते. एक पातळ कडं घेतलं की ती कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालते, मात्र फोकस हातानेच करायचा. फिरायला न जाणाऱ्या वस्तूंना, म्हणजे फुलांना, देवघराला, दुपारी डुलकी घेणाऱ्या आजोबांना चालेल!

जुनी घेताना टॉर्च विसरू नका

लांबलचक लेन्स मी साडेपाच हजारांना विकली. चार हजार गेले. त्यांना मी शिकवणीची फी म्हणते. हातात उरलेल्या पैशांत नवी ५० ची येईना, म्हणून जुनी शोधू लागले.

पहिलीच लेन्स सापडली ती फारच स्वस्त. मालक म्हणाले, "एकदम नव्यासारखी आहे." बाहेरून होतीही तशीच. मी कुठेतरी वाचलं होतं म्हणून टॉर्च नेला होता. लेन्स मी धरली आणि टॉर्च ह्यांच्या हातात दिला. ह्यांना कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तिरपा उजेड पाडून हे पाहत राहिले आणि एकदम म्हणाले, "अगं, ह्यात कोळ्याचं जाळं कसलं?"

ती बुरशी होती. आतल्या काचेवर पांढरे, बारीक, झाडाच्या फांद्यांसारखे तंतू. आम्ही नमस्कार करून निघालो. रस्त्यात हे म्हणाले, "पुढची बघायला जाशील तेव्हा मला सांग. टॉर्च मी धरतो." त्या पहिल्या "बरं"चं ओझं माझ्या मनावरून तेव्हा उतरलं.

तेव्हापासून आमची तपासणी ठरलेली आहे. तुम्हीही उतरवून घ्या:

१. टॉर्च मागून तिरपा धरून आत पाहा. धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. जाळं, धुकं किंवा तेलकट डाग असले तर घेऊ नका.

२. पुढच्या काचेवर बारीक ओरखडा असेल तर सहसा फोटोत दिसत नाही. मागच्या, कॅमेऱ्याकडच्या काचेवरचा ओरखडा मात्र वाईट.

३. रिंग फिरवून पाहा. वाळूसारखा कचकच आवाज आला तर ती समुद्रावर फिरून आलेली आहे असं समजा.

४. आपल्या कॅमेऱ्यावर लावून जवळचा आणि लांबचा, दोन्ही फोकस होतो का पाहा. पितळी रंगाचे बिंदू स्वच्छ असावेत.

५. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून समोरून फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता आली पाहिजेत. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

६. मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. चोरीचा माल घरात नको.

७. न पाहता आगाऊ पैसे पाठवू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

या सगळ्यांतून पास झालेली लेन्स आम्हाला पाच हजार दोनशेला मिळाली. साडेपाच हजारांतले तीनशे उरले.

त्या तीनशेचं काय केलं?

आम्ही रत्नागिरीची माणसं. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांना, पट्ट्यांना, पुस्तकांना सगळ्यालाच बुरशी येते. मग लेन्सला का सोडील? दमट हवा, काळोख आणि बंद कपाट या तीन गोष्टी तिला फार आवडतात. म्हणून महागाची लेन्स घेऊन चामडी पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी जपून ठेवणं म्हणजे बुरशीचं डोहाळजेवणच!

खास कोरडं कपाट विकत मिळतं, पण ते आपल्या आवाक्याबाहेरचं. मी लोणच्याच्या डब्यासारखा घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घेतला, सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या आणि हवेतला दमटपणा दाखवणारा छोटा काटा त्यात ठेवला. काटा ४० ते ५० च्या आसपास असावा. ६० च्या वर गेला की जेलने पाणी प्यायलेलं असतं आणि त्याचा रंगही बदलतो. मग ते पत्र्याच्या जुन्या डब्यात घालून मंद आचेवर तापवायचं, की पुन्हा कामाला तयार. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र ते मुळीच तापवू नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका, विशेषतः निळ्या रंगाचं. त्यातलं रसायन पोटात जाणं घातक आहे. डांबराच्या गोळ्याही डब्यात नकोत.

आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे लेन्स वापरा. आठवड्यातून एकदा तरी उजेडात काढलेली लेन्स सहसा कुजत नाही. पैठणीला आपण घडी मोडून ऊन दाखवतो, तसंच हे.

कशावर पैसे घालू नयेत

दुकानदार लेन्सबरोबर एक काचेचा फिल्टर गळ्यात मारतात. चांगल्या लेन्सपुढे हलकी काच लावणं म्हणजे बासमतीत खडे मिसळणं. धूळ किंवा खाऱ्या पाण्याचे तुषार असतील तिथे तो उपयोगी, पण रोजच्यासाठी पुढे लावायचं साधं प्लॅस्टिकचं हूड पुरे. ते ऊनही अडवतं आणि धक्काही सोसतं. लेन्सच्या तोंडावर चिकटवायची 'वाइड' आणि 'टेली' भिंगंही नकोत, कोपऱ्यात सगळं विरघळल्यासारखं दिसतं. एकदम तीन लेन्सची 'किट'ही नको. एक घ्या, वर्षभर वापरा आणि तिने काय होत नाही ते कळलं की मगच दुसरी.

एका लेन्सवर काय होणार, असं वाटत असेल तर होमाई व्यारावाला यांचं नाव आठवा. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. पुढे दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरे खांद्याला लावून त्या स्वातंत्र्याच्या काळातले मोठे प्रसंग टिपत राहिल्या. त्यांच्याजवळच्या कॅमेऱ्यांत रोलिफ्लेक्सही होता. त्याची लेन्स बदलताच येत नाही. जवळचं हवं तर आपण जवळ जायचं, लांबचं हवं तर मागे सरायचं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्याला काही पद्मविभूषण नकोय. पण पाय आपल्यालाही आहेत!

सासूबाईंचा फोटो

शेवटी एक सांगते आणि थांबते.

सासूबाईंना फोटो काढून घेणं मुळीच आवडत नसे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फ्लॅशचा त्यांना त्रास व्हायचा. प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले, नाहीतर पदर तोंडावर. घरातल्या लग्नामुंजींच्या फोटोंत त्या आहेत आणि नाहीतही.

नवी (म्हणजे जुनीच!) लेन्स आली त्या आठवड्यात एका सकाळी त्या खिडकीपाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. फ्लॅश लावायची गरजच नव्हती. मी दारातूनच, न बोलता, दोन-तीन फोटो काढले. सुपावर झुकलेला चेहरा, कपाळावरची रुपेरी बट, बोटांत धरलेला एक खडा. मागची भिंत, दोरीवरचे कपडे, सगळं विरून गेलेलं.

फोटो छापून आणून त्यांच्या हातात दिला. बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, "यातली मी कुठली?" पण म्हणाल्या, "हा नीट ठेव गं. मागाहून लागेल तेव्हा ऐन वेळी शोधत बसू नका."

मला बोलवेना. त्यांनीच मग सूप पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "रडतेस काय? चांगला आलाय म्हणून म्हटलं. आणि आता उरलेले तांदूळ तू निवड."

सासूबाई ठणठणीत आहेत. वॉशिंग मशीन दिवाळीला आलं. आणि यंदाच्या संमेलनात लेकीचा फोटो असा आलाय की तिच्या नथीतला मोती मोजून घ्यावा.